प्रशिक्षण ग्लायडरची तपासणी: कुठे हात लावायचा आणि कुठला भाग कधी काढायचा

विंचवर, म्हणजे केबल गुंडाळून ग्लायडर वर खेचणाऱ्या जमिनीवरच्या यंत्रावर, दिवसभर प्रशिक्षण चालू असलेल्या ग्लायडरचं, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचं, लॉगबुक एकदा नीट बघा. एका दिवसात तीस उड्डाणं झालेली असतात आणि हवेतला वेळ सगळा मिळून जेमतेम तीन तास भरतो. म्हणजे तीन तासांत तीस वेळा केबलचा झटका, तीस वेळा जमिनीचा दणका, आणि त्यातले बरेच दणके आयुष्यात पहिल्यांदाच ग्लायडर उतरवणाऱ्याच्या हातचे. त्याच तीन तासांत क्रॉसकंट्रीला, म्हणजे लांब पल्ल्याच्या उड्डाणाला गेलेल्या ग्लायडरने एकदाच झटका खाल्लेला असतो आणि एकदाच चाक टेकवलेलं असतं. दोन्हींच्या नावावर तास तेवढेच लागतात.

त्यामुळे माझं पहिलं सांगणं हे की प्रशिक्षणाच्या ग्लायडरचं वय तासांत मोजू नका, उड्डाणांत मोजा. दुसरं सांगणं त्याच्याइतकंच महत्त्वाचं आहे. ज्या भागाला मर्यादा घालून दिली आहे तो भाग मर्यादा संपली की निघालाच पाहिजे, दिसायला कितीही ठणठणीत असला तरी. 'अजून चांगला आहे की' हे वाक्य मी हँगरमध्ये इतक्या वेळा ऐकलंय, की हा लेख खरं तर त्याच्यासाठीच लिहितोय.

आपल्याकडे ग्लायडिंग म्हटलं की पुण्यातलं हडपसरचं ग्लायडिंग सेंटर आठवतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या म्हणजे डीजीसीएच्या या केंद्रात विंचनेच उड्डाणं होत आली आहेत. भारतात पूर्वी आपले स्वतःचे ग्लायडरही बनत. एस. राममृतम यांच्या आराखड्यांतून अश्विनी, भरणी, रोहिणी, कार्तिक अशी नक्षत्रांची मालिकाच तयार झाली. त्यातल्या रोहिणीत विद्यार्थी आणि प्रशिक्षक शेजारी शेजारी बसत आणि ती लाकडाची होती. लाकूड, धातू किंवा काचतंतू (फायबरग्लास), यांतलं काहीही असलं तरी तपासणीचा क्रम फारसा बदलत नाही. नजर कुठे जास्त वेळ ठेवायची तेवढं बदलतं.

सकाळची तपासणी

तपासणी ग्लायडरपासून सुरू होत नाही, कागदांपासून होते. आदल्या दिवशीच्या नोंदी वाचायच्या. कुणी काही बिघाड लिहिलाय का, तो कुणी दुरुस्त केला, सही कुणाची आहे, हे बघायचं. मग एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेटची, म्हणजे ग्लायडर उडण्यायोग्य असल्याच्या दाखल्याची तारीख. ते वर्षाचं असतं आणि त्याची मुदत उलटली असेल तर ग्लायडर कितीही चांगला असो, त्या दिवशी तो उडत नाही. पुढची वेळ बांधलेली कामं किती उड्डाणांवर आली आहेत तेही इथेच बघून ठेवायचं. दुपारी चार वाजता केबल अडकवायच्या हुकची मर्यादा ओलांडली गेल्याचं लक्षात येण्यात काही अर्थ नाही.

आता कॉकपिट. सीटच्या उशा बाहेर काढा, सीटखाली टॉर्च मारा आणि हात घाला. एकदा सकाळच्या तपासणीत मला स्टिक पूर्ण मागे येण्याआधीच किंचित अडल्यासारखी वाटली. अडणं इतकं बारीक होतं की आधी वाटलं, माझाच हात आखडला असेल. मागची सीट काढली तर खाली एक बॉलपेन एलिव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीच्या) दांड्याला तिरकं टेकून पडलेलं. आदल्या दिवशी कुणाच्या तरी खिशातून पडलं असणार. जमिनीवर ते किंचित अडत होतं. हवेत घरंगळून ते कुठे जाऊन बसलं असतं याचा विचार मी आजही करतो. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, सीटवर बसताना शर्टाचे आणि पँटचे खिसे रिकामे. फोन, किल्ल्या, सुटे पैसे, सगळं बाहेर.

कॉकपिटमध्येच सीटचे पट्टे, कॅनोपीची कडी, कॅनोपी आपत्कालीन सोडण्याचा दांडा जागेवर आहे का, पुढच्या आणि मागच्या सीटवरची केबल सोडायची पिवळी रिलीज मूठ पूर्ण ओढली जाते आणि आपोआप परत जाते का, हे बघायचं. पेडलपाशी वाकून रडरच्या, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूच्या केबल बघा. बऱ्याच ग्लायडरमध्ये पेडलला इंग्रजी एस अक्षरासारखी वाकवलेली नळी असते आणि केबल तिच्यातून जाते. केबल झिजते ती नेमकी तिथेच, कारण तिथे ती रोज घासली जाते आणि तिथे कुणाची नजर जात नाही. पेडल पूर्ण मागे-पुढे करून नळीत लपलेला तुकडा बाहेर आणायचा. हाताने नव्हे, सुती फडक्याने पुसायचा. एखादी तार तुटलेली असेल तर फडक्याचा धागा अडकतो. आमच्याकडे एकही तार तुटलेली सापडली की केबल बदलतात, किती तुटल्या ते मोजत बसत नाहीत.

मग बाहेरून फेरी. डाव्या पंखाच्या मुळापासून सुरू करून घड्याळाच्या काट्यासारखं एका दिशेने जायचं, म्हणजे काही सुटत नाही. मध्येच कुणी हाक मारली तर परत आल्यावर जिथे थांबलो तिथून नव्हे, त्याच्या चार पावलं आधीपासून पुन्हा सुरू करायचं. पंखाची कड, एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीच्या) बिजागऱ्या, त्यांतल्या पिना आणि स्प्लिट पिन, एअरब्रेकच्या (पंखातून वर येऊन वेग आणि उंची कमी करणाऱ्या पट्टीच्या) खाचा, पंखाचं टोक, शेपटीचे जोड, टेलप्लेनचा, म्हणजे शेपटीच्या आडव्या पंखाचा मुख्य बोल्ट आणि त्याची लॉकिंग, चाकातली हवा, चाकाचा ब्रेक. पंखाचं टोक धरून हलकं वर-खाली आणि पुढे-मागे हलवायचं आणि मुळापाशी कान द्यायचा. खुट्ट आवाज आला तर पंख जोडणारी मेन पिन किंवा तिची बुश झिजली आहे. पिटो आणि स्टॅटिकची, म्हणजे वेग मोजण्यासाठी हवेचा दाब घेणारी भोकं नुसती बघायची. तोंडाने फुंकर अजिबात मारायची नाही, वेगमापक खराब होतो.

जोडण्या

ग्लायडर ट्रेलरमधून आणून जोडला असेल तर ही पायरी सगळ्यात जड आहे. पंख लावले, मेन पिना घातल्या, की एलेरॉन आणि एअरब्रेकचे दांडे जोडायचे. नवीन ग्लायडरमध्ये ते आपोआप जुळतात. जुन्यांत अजूनही हाताने लावायचे लोटेलिए जोड असतात. एका दांड्याच्या टोकाला गोळी, दुसऱ्याच्या टोकाला वाटी, वाटीत स्प्रिंगवर सरकणारी छोटी पाचर. पाचर दाबायची, गोळी वाटीत बसवायची, पाचर सोडायची. गोळी नीट बसली तरच पाचर पूर्ण वर येते आणि तिच्यातलं बारीक भोक मोकळं होतं. त्या भोकातून सेफ्टी पिन जाते.

आता हे सगळं कुठे करायचं, तर बहुतेक वेळा पंखामागच्या तळहाताएवढ्या खिडकीतून, आत डोकं जात नाही अशा ठिकाणी, बोटांच्या अंदाजाने. मी विद्यार्थ्यांना तिथे बोट घालून पाचर कशी लागते ते डोळे मिटून ओळखायला लावतो. बसलेल्या जोडाची पाचर बोटाला सपाट लागते, अर्धवट बसलेल्याची खाली दबलेली. मग जोड धरून जोरात ओढायचा. मग पिन. पिन जात नसेल तर पिन वाकडी आहे असं समजून ती दाबू नका. जोड बसलेला नाही असं समजा आणि पहिल्यापासून करा. पिन गेली म्हणजे काम संपलं असंही नाही, ज्याने जोडलं त्याच्याशिवाय दुसऱ्या माणसाने तेच बोट घालून बघायचं. गोळीला ग्रीस हवं आणि वार्षिक तपासणीत गोळी गेजने मोजायची. झिजून लंबगोल झालेली गोळी आणि तिचा जोडीदार बदलायचाच.

यानंतर दोघांनी मिळून करायची चाचणी. एक जण कॉकपिटमध्ये, दुसरा एलेरॉन तळहातांत घट्ट धरून. आतला स्टिक हळू दाबतो, बाहेरचा दाबून विरोध करतो. मधे कुठे मोकळेपणा नाही, खडखड नाही, याची दोघांनी खात्री करायची. तसंच दुसरं एलेरॉन, एलिव्हेटर, रडर आणि दोन्ही एअरब्रेक. आणि दिशा मोठ्याने बोलून दाखवायची: स्टिक डावीकडे, डावं एलेरॉन वर. एअरब्रेकची चाचणी लोक विसरतात. एका बाजूचा सुटलेला ब्रेक उड्डाणाच्या सुरुवातीलाच वर ओढला गेला तर ग्लायडर कुणाच्या हातात राहत नाही.

शेवटची गोष्ट शेपटीची डॉली. ढकलायला सोपं पडावं म्हणून शेपटीखाली लावलेली ती चाकाची गाडी काढायची राहिली तर वजनाचा मध्य मागे जातो, आणि असा ग्लायडर हवेत सावरणं कठीण असतं. आमच्याकडे डॉली काढणारा ती हातात वर धरून दाखवतो, त्याशिवाय केबल लागत नाही.

हुक, कड्या आणि वीक लिंक

विंचच्या प्रशिक्षणात सगळ्यात जास्त काम कुणी करत असेल तर पोटाखालचा हुक. तो चाकाच्या शेजारीच असतो, म्हणून माती, गवत, चिखल सगळं त्यातच जातं. रोज सकाळी ब्रशने साफ करायचा, स्प्रिंगा अखंड आहेत ते बघायचं, चोचीवर खाच पडली आहे का ते बोटाने बघायचं. मग खरी कडी लावून ओढत असताना मूठ ओढून सोडायची. नंतर कडी मागच्या बाजूला ओढायची. केबल न सुटता ग्लायडर केबलच्या पुढे निघून गेला तर हुकने आपोआप कडी सोडली पाहिजे. ही मागची सुटका तपासल्याशिवाय पहिलं उड्डाण नाही.

जगभरातल्या बहुतेक ग्लायडरना टोस्ट कंपनीचे हुक असतात. त्यांची ओव्हरहॉलची, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त करण्याची मर्यादा १०,००० वेळा उघडणं-मिटणं अशी आहे. तपासणी, लावणं, सोडणं असं मिळून एका उड्डाणामागे साधारण पाच वेळा हुक हलतो, म्हणून ती मर्यादा २,००० उड्डाणांची धरतात. दिवसाला तीस उड्डाणांच्या हिशेबाने ती सदुसष्ट उड्डाण-दिवसांत संपते. वर्षाला शंभर दिवस उडणाऱ्या केंद्राचा हुक वर्ष संपायच्या आत ओव्हरहॉलला जायला हवा. हुक आपण उघडून तेल घालून परत बसवायचा भाग नाही. तो काढायचा, अधिकृत कार्यशाळेत पाठवायचा, आणि ओव्हरहॉल केलेला दुसरा बसवायचा. म्हणून एक हुक कायम कपाटात असावा. नसेल तर मर्यादा ओलांडायचा मोह होतो.

वीक लिंक म्हणजे केबल आणि ग्लायडर यांच्यामधला मुद्दाम कमजोर ठेवलेला दुवा. ताण जास्त झाला तर पंखाऐवजी तो तुटावा. रंगावरून त्याची ताकद कळते. काळा १००० डेकान्यूटन, तपकिरी ८५०, लाल ७५०, निळा ६००, पांढरा ५००. हजार डेकान्यूटन म्हणजे साधारण हजार किलो वजन टांगल्याएवढा ताण. कुठल्या ग्लायडरला कुठला रंग हे त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. लाल सारखा तुटतोय म्हणून तपकिरी लावणं हा गंभीर अपराध आहे. लाल तुटतोय तर विंच चालवणारा जास्त जोर देतोय किंवा लिंक दमला आहे, कारण शोधायचं तिथे.

लिंक दमतो म्हणजे काय? भोकाच्या कडेला पोलाद दरवेळी किंचित ताणलं जातं. आधी गोल भोक लांबट होतं, मग कमरेला केसासारखी चीर जाते. म्हणून टोस्टची शिफारस २०० उड्डाणांनंतर लिंक बदलायची आहे. एकाच केबलवर सगळी उड्डाणं होत असतील तर सात दिवसांत. लिंक बसवलेल्या दिवशी त्यावर तारीख लिहा, बाद झालेला लिंक हातोडीने वाकवून मगच भंगारात टाका. सरळ ठेवलेला जुना लिंक कुणीतरी कधीतरी परत वापरतो. केबलच्या टोकाच्या कड्याही वाकल्या किंवा एका बाजूने घासल्या की त्यांची जोडी काढून टाकायची.

मर्यादा संपलेला भाग

भाग तीन प्रकारचे असतात. काहींचं आयुष्य ठरलेलं असतं, ते संपलं की भाग फेकायचा. काहींना ओव्हरहॉल असतो, जसा हुक. आणि काही तपासून चांगले निघाले तर चालू ठेवायचे. कुठला भाग कशात मोडतो हे उत्पादकाची देखभाल पुस्तिका ठरवते. ते तुम्ही-आम्ही ठरवायचं नाही.

पहिल्या प्रकारातलं सगळ्यात जास्त दुर्लक्षित उदाहरण म्हणजे पट्टे. बऱ्याच युरोपीय पट्ट्यांना १२ वर्षांची मर्यादा असते. पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीवर उत्पादनाची तारीख असते आणि ती तारीख पुसट झाली असेल तर पट्टा बदला. काचतंतूचा पट्टा नव्हे, कापडाचा आहे हा, आणि कडक ऊन कापडाची ताकद खातं. रंग विटला, शिवण सुटली, कड केसाळ झाली, तर १२ वर्षांची वाट बघायचीही गरज नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मी 'दिसायला चांगला' या शब्दांवर विश्वास ठेवत नाही, ती. ब्लानिक एल-१३ हा चेकोस्लोव्हाकियाचा धातूचा दोन आसनी ग्लायडर. १९५६ मध्ये पहिल्यांदा उडाला, अडीच हजारांहून जास्त बनले, आणि जगभरच्या कितीतरी पिढ्या त्यावर शिकल्या. जून २०१० मध्ये ऑस्ट्रियात एका एल-१३चा पंख हवेतच मुळापाशी तुटला. दोघांचा जीव गेला. पंखाच्या मुख्य स्पारच्या (आतल्या तुळईच्या) खालच्या पट्टीत थकव्याची चीर वाढत गेली होती. युरोपच्या विमान सुरक्षा यंत्रणेने आधी तातडीची तपासणी सांगितली. पण नुसत्या नजरेने ती चीर पकडता येईल याची खात्री देता येत नव्हती, म्हणून मग एल-१३ ग्लायडर जमिनीवरच ठेवले गेले. त्या दिवशी सकाळी कुणीतरी त्याची तपासणी केली असणार, आणि त्याला दिसलं नसणार, कारण ते दिसण्यासारखं नव्हतं.

अशा सक्तीच्या आदेशांना एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह म्हणतात. ग्लायडरची रचना ज्या देशात झाली त्या देशाचे आदेश आपल्याकडेही पाळावे लागतात. केंद्रातल्या एका माणसाकडे हेच काम हवं: दर महिन्याला आपल्या प्रत्येक ग्लायडरच्या, त्याच्या हुकच्या आणि त्याच्या उपकरणांच्या नव्या सूचना बघणं आणि लॉगबुकात नोंद करणं.

भाग बदलताना कागद भागाइतकाच महत्त्वाचा. प्रत्येक महत्त्वाच्या भागाबरोबर अधिकृत प्रमाणपत्र हवं, आपल्याकडे सीए फॉर्म १, युरोपातून आलेल्याला ईएएसए फॉर्म १. बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा बोल्ट दिसायला हुबेहूब तसाच असतो, पण त्याचं पोलाद कुठलं, त्याचा गुळगुळीत भाग किती लांब, हे कुणाला माहीत नाही. भोकात आटे घासले तर भोकच झिजतं. स्प्लिट पिन आणि लॉकवायर एकदाच वापरायची. नायलॉनचा नट हाताने फिरत असेल तर तो नट संपला.

जोरात उतरल्यावर

एका संध्याकाळी आमचा एक विद्यार्थी जरा उंचावरून आपटला. कुणी बघितलं नाही आणि तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी चाकाच्या खोबणीत टॉर्च मारला तर चाक धरणाऱ्या पोलादी नळ्यांच्या वेल्डपाशी रंगाचा टवका उडालेला आणि खाली पांढरी पूड. नळी वाकली होती. मुलगा रडवेला झाला होता. मी त्याला एकच सांगितलं, 'अरे, आपटल्याबद्दल कुणी काही म्हणणार नाही. न सांगितल्याबद्दल मात्र मला फार वाईट वाटलं.' त्यानंतर आम्ही उड्डाणांच्या फळ्यावर एक रकाना वाढवला: दणका. कुणीही लिहायचं, कारण विचारायचं नाही.

दणक्यानंतर ग्लायडर लगेच बाजूला घ्यायचा. चाकाची चौकट, सीटचा तळ, पंख आणि धड जोडणाऱ्या पिना, पंखाच्या मुळाशी जेलकोट (काचतंतूवरचा बाहेरचा कडक थर), मग शेपटीचा दांडा. ग्लायडर गिरकी खाऊन आडवा गेला असेल तर सगळा पीळ शेपटीत जातो, म्हणून मागे उभं राहून टेलप्लेन आणि पंख एका रेषेत आहेत का ते बघायचं. पंख उतरवून बघायची गरज असेल तर उतरवायचे. दिवस वाया गेला तरी चालेल. परत सेवेत घ्यायचा निर्णय परवानाधारक अभियंत्याचा आणि सहीसुद्धा त्याचीच.

वार्षिक तपासणी

वार्षिक तपासणीत ग्लायडर पूर्ण सोडवला जातो. काचतंतूच्या ग्लायडरवर अंधाऱ्या हँगरमध्ये टॉर्च तिरका धरून पंखावरून फिरवा. जेलकोटच्या चिरा दिवसा दिसत नाहीत, तिरक्या उजेडात दिसतात. नाण्याने हलकं टकटक करत जा, भरीव आवाज मध्येच फुसका झाला तर आतले थर सुटलेत. या ग्लायडरना पांढराच रंग का असतो? उन्हात तापलं की राळ मऊ पडायला लागते. म्हणून वैशाखात उघड्यावर कव्हरशिवाय ठेवू नका आणि पंखावर हौसेने गडद पट्टे काढू नका. अनेक जर्मन ग्लायडरना, १९७९ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या एएसके-२१सारख्यांनाही, ३,००० तासांना एक वेगळी सखोल तपासणी असते आणि पुढे ठरावीक टप्प्यांवर पुन्हा.

लाकडी ग्लायडरमध्ये नजर डिंकावर ठेवायची. तळातली पाणी निचरायची भोकं मोकळी हवीत आणि आत नाक घालून वास घ्यायचा. कुबट वास आला तर प्लायवूड कुठेतरी ओलं आहे.

दुरुस्ती किंवा रंगकाम झालं की पुन्हा वजन. रडरला किंवा एलेरॉनला नुसता रंगाचा एक थर चढला तरी त्याचा तोल बिघडतो आणि वेग वाढल्यावर ते फडफडू शकतं, म्हणून तोही मोजायचा. पुढच्या सीटवर कमीत कमी किती वजन हवं ही कॉकपिटमधली पाटी नव्या आकड्यांशी जुळवून घ्यायची. अंगाने किरकोळ विद्यार्थी एकटा उडणार असेल तर याच आकड्यावर त्याचा जीव असतो.

पावसाळ्यानंतर

चार महिने हँगरमध्ये उभ्या राहिलेल्या ग्लायडरमध्ये कुंभारीण माशी घर करते. तिला पिटोची नळी आणि स्टॅटिकची भोकं फार आवडतात. आत मातीचं घरटं बांधलं की वेगमापक शून्य दाखवतो किंवा चुकीचा आकडा, आणि तो चुकीचा आहे हे कळेपर्यंत ग्लायडर हवेत असतो. म्हणून जूनमध्येच सगळ्या भोकांवर लाल फीत लावलेली टोपणं घालायची. ऑक्टोबरमध्ये टोपणं मोजून काढायची, घातली तेवढी निघाली पाहिजेत. उंदीर शेपटीत शिरलेत का ते बघायला शेपटीचं टोक उघडायचं. गंज चढलेल्या केबल, आवळलेल्या बिजागऱ्या, मऊ पडलेले टायर बघायचे. सगळ्या सह्या झाल्या की पहिलं उड्डाण अनुभवी प्रशिक्षकाने एकट्याने करायचं, आणि उतरल्यावर हुक, चाकाची खोबण आणि सगळे जोड पुन्हा एकदा बोट घालून बघायचे. विद्यार्थी त्यानंतर.